सही झालेल्या पैशांची पुन्हा वाटाघाट कशाला?

पंडरीच्या कापड बाजारात उधारीचा हप्ता चुकला तर व्यापारी काय करतो? नव्याने भाव ठरवायला बसत नाही. वही उघडतो, सही दाखवतो आणि पैसे मागतो. मग कंत्राटदाराने करारातला हप्ता चुकवला की आमचेच काही पुढारी नवे मागणीपत्र घेऊन का धावतात? "थोडी मुदत देऊ, संबंध बिघडतील", हा उपदेश कामगारालाच का?

साथींनो, सही झाली की ती मागणी राहत नाही, ते देणे होते. हा फरक विसरल्याची किंमत छत्तीसगडने मोजली आहे. दल्ली-राजहराच्या लोहखाणीत ३१ मे १९७७ रोजी करार झाला : काम न मिळालेल्या दिवसांची मजुरी आणि पावसाळ्याआधी झोपडी दुरुस्तीसाठी शंभर रुपये. दुसऱ्या दिवशी मजूर पैसे घ्यायला गेले, तर कंत्राटदारांनी हात वर केले. पुन्हा संप सुरू झाला. २ जूनच्या रात्री शंकर गुहा नियोगींना अटक झाली. ती रात्र आणि ३ जून मिळून पोलिसांच्या गोळ्यांनी ११ जण मारले. त्यांत अनुसूयाबाई होती, सुदामा नावाचा पोरगा होता. वाटाघाटीत काही उरले नव्हते. फक्त कबूल केलेले पैसे मोजायचे होते!

कायम नोकरीतल्या रेल्वे-टपाल बांधवांना वाटेल, हे कंत्राटी मजुरांचे दुखणे. पण आपले फलाट झाडणारा कोणाचा मजूर आहे? कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, म्हणजे आपल्याच खात्यावर.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात यासाठी कलम ३३-सी होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तिच्या कलम ५९ मध्येही तीच वाट आहे. करारातली रक्कम थकली की कामगाराने, किंवा त्याने लेखी अधिकार दिलेल्या माणसाने, सरकारकडे अर्ज करायचा. सरकार कलेक्टरला वसुलीचा दाखला देते आणि पैसे जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होतात. नव्या वाटाघाटी नाहीत, नवा तंटा नाही.

दाखले कलेक्टर कचेरीत धूळ खात पडतात, हे आम्हीही पाहिले आहे. शेतकऱ्याच्या दाराशी जप्ती घेऊन जाणाऱ्या तहसीलदाराला कंत्राटदाराचे घर मात्र सापडत नाही! म्हणून अर्जाच्या मागे युनियन हवी, दर आठवड्याला कचेरीच्या पायरीवर.

अर्जाची मुदत रक्कम देय झाल्यापासून एक वर्ष आहे. "पुढच्या महिन्यात देतो" हे तोंडी आश्वासन ऐकत बसाल, तर तेच वर्ष संपेल. हप्ता चुकला त्याच आठवड्यात कराराची प्रत काढा आणि प्रत्येक मजुराचा लेखी अधिकार घ्या.