चलथाणच्या फडात दाद कोणाकडे मागावी?

सीमाभागातील ८६५ गावांना महाराष्ट्राने २०२३ साली महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू केली, तेव्हा कर्नाटक सरकारने हरकत घेतली. दोन सरकारांनी भांडावे आणि रुग्णाला मात्र कोणी विचारू नये, हा अनुभव आपल्याला नवा नाही. परंतु तो आपल्या एकट्यांचाही नाही.

सुरतेजवळच्या चलथाणला सहकारी साखर कारखाना आहे. त्या पट्ट्यात हंगामाला धुळे-नंदुरबारकडचे आणि १९६० साली गुजरातेत गेलेल्या डांगातले ऊसतोड मजूर उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि शेताच्या कडेला पडाव. कोयत्याची नोंद मुकादमाच्या वहीत चोख असते; पडावातील गरोदर बाईची नोंद कोणाच्या वहीत आहे?

याच नंदुरबार जिल्ह्यात २००७ साली लोकाधारित देखरेखीचा प्रयोग सुरू झाला. आरोग्य केंद्रात औषध का नाही, डॉक्टर का नाहीत, हे लोकांनी जनसुनावणीत अधिकाऱ्यांना तोंडावर विचारले. ज्यांना अडाणी म्हणून हिणविले, त्यांनीच कारभाराचा हिशेब मागितला! मग तोच माणूस नवापूरची हद्द ओलांडताच मुका का व्हावा? आरोग्य समिती गावाची असते, आणि पडाव हे कोणाच्याच लेखी गाव नसते.

म्हणून हंगामापुरती का होईना, स्थानिक आरोग्य समितीवर पडावातील स्त्री-पुरुषांना जागा मिळालीच पाहिजे. फिरत्या दवाखान्याची वेळही त्यांनीच ठरवावी. फडातून केव्हा परतता येते, हे सुरतेच्या कचेरीला कसे कळणार?