शंभर किलोमीटरवरचा मिलिमीटर

2025 च्या सुरुवातीला चीनमधून बातमी आली. तिथल्या शास्त्रज्ञांनी छिंगहाई सरोवरावर 101.8 किलोमीटर अंतरावरून लेझरने 1.7 मिलिमीटरचा तपशील टिपला होता. लगोलग ‘आता उपग्रहातून चेहरे ओळखणार’ अशी आवई उठली. मथळे लिहिणाऱ्यांना घाई असते, आपल्याला नाही.

दीड मायक्रॉन तरंगलांबीच्या लेझरने एवढे बारीक पाहायचे तर साधे भिंग सुमारे 90 मीटर व्यासाचे लागेल. ते घडवणार कोण? म्हणून लहान दुर्बीण सरकवत न्यायची, परतलेल्या प्रकाशाची तीव्रता आणि त्याची कला, म्हणजे लहर चढावर आहे की उतारावर, दोन्ही जागोजागी नोंदवायचे आणि त्या नोंदी संगणकाने जोडायच्या. हेच सिंथेटिक ॲपर्चर. 1951 मध्ये गुडइयरच्या विमान कंपनीतले कार्ल वायली यांनी रडारसाठी ही कल्पना मांडली. जुलै 2025 मध्ये श्रीहरिकोट्याहून गेलेला ‘निसार’ उपग्रहही तिच्यावरच चालतो.

निसारच्या एका रडारची लहर 24 सेंटीमीटरची आहे, लेझरची तिच्या दीड लाख पटींनी लहान. दहा किलोमीटरवरून सेंटीमीटरभर बारकावा हवा असेल, तर 3 सेंटीमीटर लहरीच्या रडारला पंधरा किलोमीटर उडावे लागते. लेझरचे काम मीटरभरातच भागते. मात्र त्या मीटरभरात विमान अर्धा मायक्रॉन थरथरले, तरी चित्र विस्कटते. माणसाचा केस याच्या शंभरपट जाड असतो! इंजिनाची धडधड, वारा, तापलेली हवा, सगळेच कला बिघडवतात. ती चूक परतलेल्या प्रकाशातूनच हुडकून वजा करणारे गणित हाच या तंत्राचा प्राण. 2011 मध्ये लॉकहीड मार्टिनने उडत्या विमानातून अशी चित्रे घेतली, तीही जेमतेम दीड किलोमीटरवरून.

छिंगहाईला समोर चेहरे नव्हतेच. प्रकाश आल्या वाटेने परत धाडणारे प्रिझम होते, हवा निवळ होती, वारा मंद होता. शिवाय ढग आले की लेझर आंधळा. पावसाळ्यात कोकणातली दरड शोधायला रडारच हवे.

अवकाशात मात्र ढगही नाहीत, वाराही नाही. त्यामुळे हे तंत्र आधी रुजेल ते एका उपग्रहातून दुसऱ्यावर नजर ठेवण्यासाठी, असा माझा कयास आहे. शेजाऱ्याच्या उपग्रहावर अँटेना किती, कॅमेऱ्याचे तोंड कुठे, हे दुरून कळू लागेल. 1967 च्या अवकाश कराराची त्याला आडकाठी नाही.