आधी कोणाकडे जाल?

सकाळचे सात वाजले आहेत. तुम्ही ड्यूटीवर आला आहात आणि चार रुग्ण तुमच्या वाट्याला आले आहेत. पहिल्याच्या पोटाची शस्त्रक्रिया परवा झाली. दुखते म्हणून तो गोळी मागतो आहे. दुसऱ्या ब्याऐंशी वर्षांच्या आजीबाई. काल सगळ्यांशी नीट बोलत होत्या, आज मुलीला ओळखत नाहीत आणि चादर चाचपत पडल्या आहेत. तिसरा डिस्चार्जच्या कागदांसाठी तासभर ताटकळला आहे आणि त्याचे नातेवाईक आवाज चढवू लागले आहेत. चौथ्याची नाश्त्यापूर्वीची साखर १६० आहे. आधी कोणाकडे जाल?

मुलीकडे न्यू जर्सीला सहा महिने राहिले, तेव्हा या धाटणीचे शेकडो प्रश्न माझ्या हाताखालून गेले. शेजारच्या इमारतीत मूळची मिरजेची एक सून राहत होती. वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये मदतनीस म्हणून चार वर्षे काम करून तिने प्रॅक्टिकल नर्सचा कोर्स केला होता आणि आता परवान्याची परीक्षा द्यायची होती. मी तीस वर्षे सिस्टर ट्यूटर होते हे कळल्यावर ती पुस्तके घेऊन रोज संध्याकाळी येऊ लागली. "मावशी, तुम्ही नुसतं विचारत जा, मी उत्तरं देते." पहिल्याच संध्याकाळी असा प्रश्न निघाला आणि मी मनात उत्तर देऊन मोकळी झाले: नातेवाईक ओरडताहेत तिथे आधी! आमच्या वॉर्डात ज्याचा आवाज मोठा त्याचा नंबर पहिला, हा नियम कुठल्याही पुस्तकात नव्हता, पण सगळ्याजणी पाळत होत्या.

उत्तर अर्थातच आजीबाई. म्हातारपणी एका रात्रीत झालेला गोंधळ हा 'वयाचा भाग' नसतो. लघवीच्या मार्गातला जंतुसंसर्ग, अंगातले पाणी कमी होणे, प्राणवायू कमी पडणे, नवीन सुरू केलेले औषध, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. आणि या वयात संसर्ग झाला की ताप येतोच असेही नाही. कधीकधी गोंधळ हीच पहिली खूण असते. दुखणाऱ्याला गोळी मिळालीच पाहिजे, पण शस्त्रक्रियेनंतरचे दुखणे अपेक्षित आहे, आजीबाईंचा गोंधळ अपेक्षित नाही. सारा प्रश्न या एका फरकावर उभा आहे.

ही प्रॅक्टिकल नर्स म्हणजे कोण, हे थोडक्यात सांगायला हवे. १८९२ साली न्यू यॉर्कमध्ये वायडब्ल्यूसीएने घरोघरचे आजारी, म्हातारे आणि लहान मुले सांभाळण्याचे शिक्षण बायकांना द्यायला सुरुवात केली, तिथून ही परंपरा निघते. पुढे १९३८ साली न्यू यॉर्क राज्याने परवाना सक्तीचा करणारा कायदा केला. आज हे शिक्षण साधारण वर्षभराचे असते. आपली एएनएम ही तिची सख्खी बहीण नव्हे. एएनएमचा अभ्यास दोन वर्षांचा, आणि त्यात बाळंतपण व गावच्या आरोग्याचा वाटा मोठा. पण दोघींची जागा एकच: डॉक्टर आणि मोठ्या सिस्टरच्या खालची, रुग्णाच्या सगळ्यात जवळची.

नव्या रुग्णाची पहिली संपूर्ण पाहणी आणि शुश्रूषेचा आराखडा हे तिकडे रजिस्टर्ड नर्सचे काम. प्रॅक्टिकल नर्सने पाहायचे, मोजायचे, औषध द्यायचे, नोंद करायची आणि बिघडते आहे असे दिसताच वर कळवायचे. त्यामुळे 'आत्ता मी स्वतः काय करायचे आणि हाक कधी मारायची' यातच परीक्षेचा जीव असतो. डिजॉक्सिनची गोळी द्यायची आहे, छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजले आणि ५२ भरले. गोळी डॉक्टरांनीच लिहिलेली आहे. देणार का? नाही; गोळी थांबवून कळवायचे. रक्त चढते आहे आणि रुग्ण म्हणतो, थंडी वाजते, कंबर दुखते. आधी फोन की आधी रक्त बंद? आधी रक्त बंद. 'विचारून करते' म्हणण्याइतका वेळ नसतो, आणि ते बंद करण्याचा अधिकार आपल्याला आहे हे तिला पक्के ठाऊक असावे लागते.

ही परीक्षा १९९४ पासून संगणकावर होते. उत्तर बरोबर आले की पुढचा प्रश्न अवघड, चुकले की सोपा. शेजारी बसलेल्या दोघींना एकच पेपर नसतो. २०२१ साली आपल्या राज्याच्या आरोग्य विभागाच्या भरतीचाच पेपर फुटला होता, ते आठवून मला इथे हसावे की रडावे कळेना. २०२३ च्या १ एप्रिलपासून परीक्षेचे रूप आणखी बदलले. आता एकाच रुग्णाची हकिगत पुढे सरकत जाते आणि तिच्यावर सलग सहा प्रश्न येतात: यातले खटकण्यासारखे काय, त्याचा अर्थ काय, सगळ्यात धोक्याची शक्यता कोणती, काय करता येईल, आधी काय कराल आणि केल्याचा उपयोग झाला हे कशावरून ओळखाल. कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न, वेळ पाच तास.

हे सहा प्रश्न वाचताना मला वारंवार एकच मुलगी आठवत होती. ही मिरजेची नव्हे, माझी विद्यार्थिनी.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. तोंडी परीक्षेत मी तिला रक्तातली साखर उतरल्याची लक्षणे विचारली. दरदरून घाम, हातापायांना कंप, धडधड, भूक, चिडचिड, जीभ जड होणे, गुंगी, बेशुद्धी. एका दमात सांगितली, क्रमसुद्धा चुकला नाही. मी दहापैकी नऊ दिले. महिन्याभरात ती मेडिकल वॉर्डात सकाळच्या ड्यूटीवर होती. खाट नंबर अकराला एक प्राथमिक शिक्षक होते. सात वाजता इन्सुलिन दिले गेले, त्या दिवशी नाश्ता उशिरा आला, आणि आला तेव्हा ते झोपलेले होते. तिने उठवले नाही. चार्टवर लिहिले, 'रुग्ण शांत झोपला आहे.' तासाभराने स्टाफ सिस्टर तिथून जात होती, तिने सदऱ्याची कॉलर पाहिली. भिजून चिंब झाली होती. शिरेतून ग्लुकोज दिले, मास्तर वाचले. पण मुलांची नावे त्यांना सलग आठवेनाशी झाली आणि ते पुन्हा शाळेत शिकवायला उभे राहू शकले नाहीत.

मुलीला सगळे बोलले. मीही बोलले. खरे तर तिने मी शिकवले तेच केले होते. मी तिला 'साखर उतरली तर घाम येतो' हे शिकवले. 'घाम आलेला माणूस दिसला तर साखर उतरली असेल का?' हे उलटे मी कधी विचारलेच नाही. पुस्तक रोगाकडून लक्षणाकडे जाते. वॉर्डात आपल्याला लक्षणाकडून रोगाकडे जावे लागते. आमची प्रश्नपत्रिका 'लक्षणे लिहा', 'टिपा द्या', 'शुश्रूषा वर्णन करा' यांतून बाहेर पडत नव्हती, आणि प्रश्नपत्रिकेत नाही ते वर्गात कोण शिकवतो?

म्हणून अमेरिकेचे सगळे उचलून आणावे, असे मी मुळीच म्हणणार नाही. तिथले नाणेही दोन बाजूंचे आहे. २०२३ च्या जानेवारीत फ्लोरिडातल्या काही नर्सिंग स्कूलांचा धंदा उघडकीला आला. ७,६०० च्या वर खोट्या पदविका त्यांनी विकल्या होत्या. त्या विकत घेऊन परवाना परीक्षेला बसलेल्यांपैकी सुमारे २,४०० जण पास झाले. म्हणजे कोर्स न करता, तिथे घ्यायचा वॉर्डातला अनुभव न घेता ही अवघड परीक्षा सुटली! संगणक तुमचा विचार तपासू शकतो. सुई टोचताना तुमचा हात कसा आहे, घाबरलेल्या म्हातारीच्या खांद्यावर तो कसा पडतो, हे त्याला दिसत नाही.

आपल्याकडे अजून परीक्षक वॉर्डात जातो, मुलीला रुग्ण नेमून देतो, तिच्या हातून काम करवून घेतो. ही आपली जमेची बाजू. मात्र मी बाहेरून परीक्षक म्हणून गेले आहे, म्हणून सांगते: एका दिवसात तीस-चाळीस मुली, वाट्याला पाच-सात मिनिटे, ट्रे आधीच मांडून ठेवलेला आणि रुग्ण आधीच 'तयार' केलेला. ती परीक्षा पास झाली की परिचर्या परिषदेकडे नोंदणी होते. वेगळी परवाना परीक्षा आजवर आपल्याकडे नव्हती. २०२३ साली संसदेने १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषदेच्या कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा मंजूर केला. आयोग कोण, सदस्य किती, याची चर्चा झाली. प्रश्नपत्रिका कशी असावी यावर मला तरी कुठे दोन ओळी वाचायला मिळाल्या नाहीत.

ही नर्सिंगवाल्यांची घरगुती भांडणे, आम्हाला काय त्याचे, असे वाचकांना वाटेल. पण आता आपल्यापैकी किती घरांत ब्युरोची बाई येते? मुले पुण्याला नाहीतर परदेशी, आजोबा अंथरुणावर, आणि बारा तासांची बाई. तिला आपण काय विचारतो? पगार किती, सुट्ट्या किती, स्वयंपाकाला हात लावशील का. कोर्स केला आहे का, हेही पुष्कळदा विचारत नाही. माझे मैत्रिणींना सांगणे असते की दोन प्रश्न जरूर विचारा. इन्सुलिन दिल्यावर आजोबांनी नाश्ता नको म्हटले तर काय करशील? आणि कालपर्यंत नीट असलेल्या आजी आज भलतेच बोलू लागल्या तर? 'गोड काहीतरी देईन, साखर तपासेन, तुम्हाला फोन करीन' असे पहिल्याचे उत्तर आले तर ती बाई ठेवावी. 'बेशुद्ध असतील तर तोंडात काही घालणार नाही, आधी दवाखाना' असेही ती म्हणाली तर दोनशे रुपये जास्त द्यावेत. दुसऱ्या प्रश्नावर 'म्हातारपणात असं होतंच' म्हणणारीला चहा देऊन निरोप द्यावा.

मिरजेच्या सुनेची परीक्षा मी परत येण्याच्या आठवड्यात झाली. ८५ व्या प्रश्नानंतर संगणक बंद पडला. तो चांगल्यासाठी थांबला की वाईटासाठी, हे तिथे बसून कळत नाही. दोन रात्री तिने जेवण टाकले होते. पास झाल्याचा फोन मला इकडे आल्यावर मिळाला. "मावशी, रात्रपाळी मिळालीय. एका मजल्यावर तीस पेशंट आणि मी." आनंद होता, पण आवाजात धास्तीही होती, आणि ती मला बरी वाटली.

पावसाळ्यात इथल्या एका नर्सिंग स्कूलने पाहुणी म्हणून बोलावले. मी फळ्यावर ते चार रुग्ण लिहिले आणि विचारले, आधी कोणाकडे जाल? वर्ग गप्प. पुढच्या बाकावरची मुलगी वही उघडून म्हणाली, "मॅडम, हे कुठल्या चॅप्टरमधलं आहे?" मागून दुसरी एक हळूच म्हणाली, "आजीकडे. माझ्या आजीला असंच झालं होतं. आम्ही दोन दिवस थांबलो होतो." मी तिला पुढे बोलावले आणि त्या दोन दिवसांत काय काय झाले ते सगळ्यांसमोर सांगायला लावले. तास संपल्याची घंटा झाली तरी मुली उठल्या नव्हत्या.