गच्चीची किल्ली

नाचणीच्या भाकरीवर या सदरात मी अनेकदा लिहिलं आहे. या आठवड्यातही तेच लिहायला बसले होते. पण शेजारच्या काकूंचा रिपोर्ट आला आणि विषय भाकरीवरून थेट गच्चीवर गेला.

काकूंचं ड जीवनसत्त्व फारच कमी निघालं. डॉक्टरांनी औषध लिहून दिलं आणि रोज थोडा वेळ उन्हात बसायला सांगितलं. बसणार कुठे? समोर टॉवर उभा राहिल्यापासून त्यांच्या घरात ऊन येतं ते फक्त हॉलच्या बंद खिडकीतून. काचेतून ऊब मिळते. ड जीवनसत्त्वासाठी लागणारे अतिनील किरण मात्र काच अडवते. खाली आवारभर गाड्या. उरली गच्ची, आणि तिला कायमचं कुलूप.

काकू सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांकडे किल्ली मागायला गेल्या. उत्तर आलं, ‘‘काकू, वर पाण्याच्या टाक्या आहेत. उद्या काही झालं तर जबाबदारी कोणाची? आधी अर्ज द्या, कमिटीत बघू.’’ कठडा धरून एकेक पायरी चढणाऱ्या बाईला हे उत्तर! मला याचा संताप आला, अजूनही आहे. मेंटेनन्स सगळे भरतो, मग ऊन मोजक्यांच्या मर्जीवर का?

आणि ऊन तर हवंच; हाडांसाठी नुसती नाचणीची भाकरी खाऊन भागत नाही. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांना रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, पाळी गेलेल्या बायकांना १२००. शंभर ग्रॅम नाचणीत ते साडेतीनशेच्या आसपास असतं. पण ड जीवनसत्त्व कमी असेल तर आतड्यातून ते नीट शोषलंच जात नाही आणि शरीर हाडांतलं कॅल्शियम काढू लागतं.

पूर्वी कुरडया-सांडगे राखायला बायका गच्चीवर बसत. डोक्यावर पदर, हात-पाय उन्हात. आता वाळवणं विकत आणता येतात, ऊन कुठून आणणार? ‘कोवळ्या उन्हात बसा’ हा सल्लाही अपुराच. ड जीवनसत्त्वासाठी लागणारे ते अतिनील किरण खरे मिळतात ते सकाळी अकरा ते दुपारी तीन, म्हणजे घरातल्या बाईला जरा उसंत मिळते तेव्हा.

म्हणून येत्या सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडणार आहे: कुलूप टाक्यांच्या झाकणांना लावा, गच्ची त्या वेळात उघडी ठेवा आणि वर दोन बाकं टाका. तुमच्याही सोसायटीत हाच ठराव मांडा.