वाहिलेलं

यंदाच्या अंकाचा विषय ‘किंमत’. तो मे महिन्यातल्या एका बातमीमुळे ठरला, आणि ती बातमी अजून मनातून जात नाही.

वर्षात पुष्कळ घडलं. जयंत नारळीकर गेले. शिवकाळातल्या किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. सप्टेंबरच्या पावसाने मराठवाड्यात उभ्या पिकांबरोबर शेतातली मातीही खरवडून नेली. तिथल्या कितीतरी घरांवर यंदा आकाशकंदील लागणार नाही. या सगळ्यावर आतल्या पानांत लेख आहेत, ते तुम्ही वाचालच. मला बोलायचं आहे ते पिपरहव्याबद्दल.

उत्तर प्रदेशातलं, नेपाळच्या सीमेलगतचं हे गाव. 1898 च्या जानेवारीत विल्यम क्लॅक्स्टन पेपे या तिथल्या इंग्रज जमीनदाराने विटांचा एक जुना स्तूप खणला. खाली भली मोठी दगडी पेटी निघाली, पेटीत करंडक. एकावर ब्राह्मीत कोरलेलं होतं की हा ठेवा भगवान बुद्धांच्या अवशेषांचा, शाक्यांनी आपल्या बहिणी, मुलंबाळं आणि बायकांसह ठेवलेला. आत अस्थींचे तुकडे आणि राख, आणि त्यांच्या सोबतीला पुष्कराज, प्रवाळ, मोती, सोन्याच्या पत्र्याची इवली फुलं. स्फटिकाच्या एका करंडकाच्या झाकणावर मुठीच्या जागी मासा आहे. तो मासा पोकळ आहे, आणि त्या पोकळीतही सोन्याचा पत्रा भरलेला आहे. दगड, विटा आणि मातीच्या ढिगाखाली हे कोण बघणार होतं? तरी कुणीतरी तो मासा भरला. काही मण्यांना भोकं आहेत. कुणा बाईने गळ्यातली माळ उतरवून त्यात टाकली असेल का, हा प्रश्न मला फोटो बघताना पडला आणि सुटला नाही.

मग इंग्रज सरकारने वाटण्या केल्या. अस्थी सयामच्या राजाकडे गेल्या, बहुतेक ऐवज कलकत्त्याच्या संग्रहालयात. सुमारे पाचवा हिस्सा ‘डुप्लिकेट’ ठरवून पेपेंना ठेवू दिला. परंपरा सांगते की महापरिनिर्वाणानंतर अवशेषांवरून युद्धाची वेळ आली होती, तेव्हा द्रोण ब्राह्मणाने त्यांचे आठ भाग केले. वाटणी तेव्हाही झाली, पण प्रत्येक भागावर स्तूप उभा राहिला. पेपेंच्या वाट्याचं मात्र 7 मे 2025 ला हाँगकाँगमध्ये सदबीजकडे लिलावात निघणार होतं. अपेक्षित बोली सुमारे 10 कोटी हाँगकाँग डॉलर, आपले शंभर कोटींच्या वर.

पेपेंच्या वारसांचं म्हणणं असं की रत्नं म्हणजे अस्थी नव्हेत, आणि ती बौद्धांच्या हाती जायला लिलावाइतका उघड मार्ग दुसरा नाही. हा युक्तिवाद मला पटत नाही. ज्यांनी ते खडे अस्थींच्या सोबत ठेवले, त्यांनी निराळा हिशेब ठेवला नव्हता. त्यांनी ते वाहिलं. वाहिलेल्यावर देणाऱ्याचाही हक्क उरत नाही, मग खणणाऱ्याच्या पणतवंडांचा कुठून येणार? 6 डिसेंबरला चैत्यभूमीच्या रांगेत रात्र काढणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

यंदा आपल्या राज्य सरकारने लंडनच्या लिलावात रघूजी भोसल्यांची तलवार 47.15 लाखांना घेतली. ती ऑगस्टमध्ये मुंबईत आली, मला आनंद झाला. तलवार जिंकली जाते, हरवते, विकलीही जाते. तो तिच्या जन्माचाच भाग आहे. स्तूपातल्या ठेव्याचं तसं नाही. नालासोपाऱ्याच्या स्तूपात 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींना एकात एक ठेवलेले करंडक मिळाले, सगळ्यांत आतला सोन्याचा, आणि त्यात मातीच्या भांड्याच्या तेरा खापऱ्या. सोन्याने मढवून जपल्या त्या खापऱ्या. तो ठेवा आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहे. त्याला बोली लागली नाही, हे आपलं भाग्य.

पिपरहव्याचा लिलाव भारत सरकारच्या कायदेशीर नोटिशीनंतर थांबला. 30 जुलैला रत्नं मायदेशी आल्याचं जाहीर झालं, 127 वर्षांनी. पण ती परत मिळाली नाहीत, विकत घ्यावी लागली. मुंबईच्या गोदरेज इंडस्ट्रीज समूहाने ती घेतली, म्हणून ती आली; त्याबद्दल त्यांचं ऋण मानायला हवं. मात्र जाहीर झालं ते असं की त्यातला बराच भाग दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे पाच वर्षांसाठी राहील. पाच वर्षांनी कुणाकडे? जे एकदा वाहिलेलं आहे ते पुन्हा कुणाच्या मालमत्तेत का मोजायचं?

म्हणून खरेदीदारांना या पानावरून जाहीर विनंती आहे. ही पाच वर्षांची मुदत काढून टाका. कलकत्त्याच्या संग्रहालयात उरलेला ठेवा आहे, त्याच्याशेजारी ही रत्नं कायमची द्या, आणि दानपत्रावर शाक्यांच्या बहिणींचा, बायकांचा आणि मुलांचा उल्लेख करा.