प्रश्न कोणाचा, पैसा कोणाचा?

सिंधुदुर्गात दोडामार्ग-बांदा परिसरातील काजूच्या बागांत गेल्या काही वर्षांपासून माकडतापाची धास्ती आहे. या तापाचा विषाणू पुण्याच्या शास्त्रज्ञांनी ओळखला तो १९५७ साली. शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात तेव्हा माकडे मरून पडत होती, माणसे तापाने फणफणत होती. पहिला संशय पीतज्वराचा होता. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने शोध घेतला आणि गोचिडीतून पसरणारा अगदी नवा विषाणू हाती लागला. हे केंद्र, म्हणजे आजची ‘एनआयव्ही’, १९५२ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून उभारले होते. त्या काळात एवढी प्रयोगशाळा आपल्याला एकट्याने उभारणे अवघड होते. पण पुढे काय झाले? तो पीतज्वर निघाला असता तर जगाने त्याची काळजी वाहिली असती. तो निघाला पश्चिम घाटातल्या गरीब शेतमजुराचा आजार. जवळपास सात दशके उलटली, तरी त्यावर भरवशाची लस नाही.

पुण्यातच याच्या अगदी उलटही घडले आहे. आफ्रिकेच्या साहेल पट्ट्यात मेंदुज्वराच्या साथी दर काही वर्षांनी हजारो बळी घेत. श्रीमंत देशांतील कंपन्यांना त्या लशीत बाजारपेठ दिसत नव्हती. आफ्रिकी देशांची अट स्पष्ट होती: लस अर्ध्या डॉलरपेक्षा स्वस्त हवी. २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि ‘पाथ’ ही अमेरिकी संस्था यांनी प्रकल्प हाती घेतला, गेट्स फाउंडेशनने पैसा दिला, अमेरिकी औषध प्रशासनाच्या शास्त्रज्ञांनी तंत्र दिले आणि लस बनवली पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत लसीकरण सुरू झाले. पुढे तीस कोटींहून अधिक लोकांना ती मिळाली आणि ‘ए’ गटाच्या जिवाणूची साथ त्या पट्ट्यातून जवळपास हद्दपार झाली. माकडतापाचे सात दशकांत जमले नाही ते इथे दहा वर्षांत जमले. कारण गरज काय, किंमत किती, हे ज्यांना लस टोचून घ्यायची होती त्यांनी आधी ठरवले होते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राचे काम याच जातीचे. अंगाने बारीक दिसणाऱ्या आपल्या माणसांना मधुमेह का होतो, हा डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा प्रश्न होता. १९९३ पासून त्यांच्या चमूने पुण्याजवळच्या सहा गावांतील स्त्रियांची गर्भधारणेपूर्वीपासून नोंद ठेवली. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या संशोधकांनी तीच मोजमापे तिकडे घेतली. इकडची बाळे सरासरी पावणेतीन किलोंच्या आसपास, तिकडची साडेतीन. पण वजन कमी असूनही आपल्या बाळांच्या अंगातली चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. कमी होते ते स्नायू. ही गोष्ट एका देशात बसून कधीच दिसली नसती. पुढे याच बाळांच्या मागोव्यातून आईच्या आहारातील बी-१२च्या कमतरतेचा प्रश्न ऐरणीवर आला. नवी पिढी मोठी होईपर्यंत तग धरणारे असे संशोधन एखाद्या सरकारी अनुदानाच्या तीन वर्षांत बसत नाही. ते ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टसारख्यांच्या पैशावर उभे राहिले, ही आपल्यासाठी अडचणीची गोष्ट आहे.

सहकार्याच्या नावाखाली काय बिघडू शकते, तेही सांगायलाच हवे. ज्या ‘पाथ’ने आफ्रिकेची लस घडवून आणली, तिच्याच गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लशीचा अभ्यास खम्मम आणि वडोदऱ्यात २०१० मध्ये थांबवावा लागला. पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी संमतीपत्रांवर सह्या केल्याचे उघड झाले. २०१३ मध्ये संसदीय समितीने ‘पाथ’बरोबर आपल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेलाही दोषी धरले, ते योग्यच होते. घरचा पहारेकरी झोपला तर बाहेरच्याला बोल लावून भागत नाही.

आणि संकटात भागीदारीचा कस लागतो. २०२१ च्या वसंतात अमेरिकेने लशीच्या कच्च्या मालाची निर्यात आवळली, तर भारताने कोविडच्या दुसऱ्या लाटेत सीरमच्या कोविशिल्ड लशीची निर्यात रोखली. पुण्याच्या कुप्यांवर विसंबलेले देश महिनोन्‌महिने ताटकळले. आपल्याकडे चिता पेटत असताना तो निर्णय समजण्यासारखा होता. पण तिकडे वाट पाहणाऱ्यांच्या मनात काय बसले असेल, याचा विचार आपण फारसा केलेला नाही.

आता नवा धोका समोर आहे. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने परदेशी संस्थांना आपल्या अनुदानातून पोटनिधी देण्याची जुनी पद्धत थांबवली. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाने अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठासोबत अमेरिकी निधीच्या आधारे एचआयव्ही आणि क्षयावर वर्षानुवर्षे काम केले आहे. असे काम वॉशिंग्टनच्या एका आदेशाने अडखळू शकत असेल, तर दोष वॉशिंग्टनला देऊन आपले भागणार नाही.

परदेशी सहकार्याच्या प्रस्तावांना केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते. ती हवीच; आपल्या माणसांच्या रक्ताचे नमुने कुठे जातात, पुढे कशासाठी वापरले जातात, हे कुणीतरी विचारले पाहिजे. मात्र उत्तर ठरलेल्या मुदतीत मिळाले पाहिजे आणि छाननीत पहिला प्रश्न हा असावा की हा अभ्यास कोणाच्या आजाराचा आहे. महाराष्ट्र सरकारनेही दीर्घ मुदतीच्या अभ्यासांसाठी आणि माकडतापासारख्या आजारांसाठी स्वतःचा निधी अर्थसंकल्पात वेगळा काढावा. मग परदेशी भागीदारांसमोर आपण आपला प्रश्न आणि आपला वाटा घेऊन बसू. ज्या गावांनी वर्षानुवर्षे रक्त दिले, वजन-उंची मोजू दिली, त्यांना निष्कर्ष मराठीत, ग्रामसभेत सांगणे हीसुद्धा करारातली अट असावी.