वह्यावाटपाआधी किर्दीचा खर्च धरा



जळगाव-धुळ्यात सेवाभावी संस्था काढायची म्हटले की घटना, सात सभासद, नोंदणी आणि उद्घाटनाचे पाहुणे यांची तयारी चोख होते; अंदाजपत्रकाचे काम मात्र लेखापालावर सोडले जाते. वास्तविक ठरावीक मर्यादेपुढे उत्पन्न असलेल्या न्यासांनी पुढील वर्षाचे अंदाजपत्रक किमान महिनाभर आधी धर्मादाय कार्यालयात द्यावे, अशी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यातच तरतूद आहे. पण कायद्यापेक्षा मोठे कारण आपल्या हंगामात आहे. खानदेशात हातात पैसा खेळतो तो दिवाळीनंतर, कापूस विकला की. करसवलतीचा देणगीदार जागा होतो मार्चअखेर. वह्या, दप्तरे, फी लागते जूनमध्ये. वर्षाची बेरीज जुळूनही जूनच्या पासबुकात खडखडाट असू शकतो. म्हणून अंदाज एका आकड्यात नको, बारा महिन्यांच्या बारा रकान्यांत हवा. मार्चची देणगी जूनसाठी ठेवतानाही, प्राप्तिकराच्या नियमाने उत्पन्नातले १५ टक्केच विनाअट राखता येतात. जास्त ठेवायचे तर कारण देऊन मुदतीत फॉर्म भरावा लागतो. हे एप्रिलमध्ये कळून उपयोग नाही.

‘वह्यांसाठी दिलेला पैसा हिशेबनिसाला कसा द्यायचा?’ हा आक्षेप हमखास येतो. त्यामागची भावना खरी, गणित खोटे. परदेशी देणग्यांचा कायदा २०२० मध्ये चांगलाच कडक झाला, तरी त्यानेही प्रशासकीय खर्चाला २० टक्के ठेवले, शून्य नाही. धुळ्यात १८९३ ची सत्कार्योत्तेजक सभा आणि इतिहासाचार्य राजवाडे यांच्या निधनानंतर १९२७ मध्ये उभे राहिलेले राजवाडे संशोधन मंडळ आहे. अशा संस्थांसाठी जुनी बाडे मिळवणे हे एकदाचे काम; त्यांना वाळवी आणि ओल लागू न देणे हा दरसालचा खर्च, आणि त्याचा फोटो कोणी काढत नाही. भाडे, लेखापरीक्षण, किर्द लिहिणाऱ्याचे मानधन हे खर्च लपवले की ते वह्यांच्या खात्यात घुसडले जातात. अप्रामाणिकपणा तिथून सुरू होतो.

‘देणगी किती येणार हेच ठाऊक नाही,’ असेही म्हणतात. अनिश्चित असते ती जमा. खर्च बराचसा आधीच ठाऊक असतो. तो आधी लिहावा आणि जमेत फक्त कबूल झालेली रक्कम धरावी. कार्यक्रम लहान होईल, होऊ द्या. देणगीदारांना विनंती एवढीच, की पावतीपुस्तक पुढे आले की आधी तो बारा रकान्यांचा कागद मागा.

— एक वाचक, जळगाव